शेवटच्या पंगतीचा माणूस

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून मला काढून टाकलं, असं आमच्या गल्लीत अजून सांगितलं जातं. ते खोटं आहे. मी स्वतः सोडलं. काढायला कोणी आलं असतं तर मी एवढ्या सहज निघाले नसते, हे मला ओळखणारं कोणीही सांगेल. पण का सोडलं, हे मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी दिवाळी अंकात लिहा' म्हटलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. मग वाटलं, लोकांच्या तोंडून वाकडंतिकडं फिरण्यापेक्षा आपल्या हातानं एकदा लिहून टाकावं.

मी मूळची मोहोळ तालुक्यातली. नवरा गेल्यावर सोलापुरात आले. आधी भाजीची हातगाडी लावली, मग खानावळ काढली, मग कडक भाकरी करून दुकानांना द्यायला लागले. शहराबाहेर एक वृद्धाश्रम आहे, तिथल्या स्वयंपाकाचं कंत्राट शेवटी मिळालं, तेही भांडून. मला कोणी हात धरून कुठं नेलं नाही. जे आलं ते घासाघिशीनं आलं. माझं तोंड फटकळ आहे आणि राग नाकावर असतो, हे मला कळतं. पण गोड बोलून मला आजवर काही मिळालेलं नाही, त्यामुळे ती सवय लागली नाही.

म्हाताऱ्या माणसांचा स्वयंपाक म्हणजे तिखट-मीठ कमी केलं की झालं, असं लोकांना वाटतं. तसं करून बघा. पहिल्या दिवशी ताटं परत येतील, दुसऱ्या दिवशी शिव्या. म्हाताऱ्या जिभेला चव कमी कळते, म्हणून तिला लसूण, जिरं, लिंबू जास्त लागतं. दात नसले तरी भाकरी हवी असते. मग पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, भाकरी तव्यावरून निघाली की कापडात गुंडाळून ठेवायची आणि वाढताना आमटीत भिजवून द्यायची. पण भिजवायची त्यांच्यासमोर. आतून लगदा करून आणला की तो लहान पोराचा घास होतो आणि तोंड मिटतं. दोडका जून झाला की बाजारात स्वस्त मिळतो. म्हाताऱ्यांना मात्र कोवळाच लागतो. यासाठी मी मार्केट यार्डात इतकी भांडले आहे, की काही गाळेवाले मला बघून पोत्यामागं लपायचे.

आणि खाणं म्हणजे नुसतं पोटात जाणं नव्हे, हे मला तिथं कळलं. एक आजी पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही सरबतं केली, ताक केलं, काही उपयोग नाही. त्यांच्या खोलीपासून संडास लांब होता आणि तिथं नेण्यासाठी दरवेळी कोणाला तरी हाक मारावी लागायची. त्याची लाज वाटायची. खोली बदलली, तशा तांब्याभर पाणी प्यायला लागल्या. दुसऱ्या एक आजी रोज अर्धी भाकरी पदरात बांधायच्या. नातू आला तर त्याला द्यायला. नातू वर्षातून एकदा यायचा, तेही बापाबरोबर, बिस्किटाचा डबा घेऊन. त्या बापाला मी एकदा फाटकापाशी गाठून असं काही बोलले, की मला त्याबद्दल ऑफिसात बोलावलं गेलं. मी माफी मागितली नाही.

पण सांगायचं आहे ते सिद्रामप्पांबद्दल.

सिद्रामप्पा सीमेकडच्या मैंदर्गी गावचे. घरची शेती होती, मुलगा नव्हता, पुतण्यानं आश्रमात आणून सोडलं. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली होती. चाकाच्या खुर्चीत बसायचे. उजवा हात शाबूत होता, पण डाव्या गालात घास अडकायचा, म्हणून चावायला आणि गिळायला फार वेळ लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताठ बसवा, घास छोटा ठेवा, घाई करू नका. घरात कन्नड बोलणारा माणूस. आमच्याशी मराठी बोलायचे, पण जेवणाचे शब्द कन्नडच. पुरे झालं की म्हणायचे, "साकु, अक्का." मला तिथं सगळेच शालनअक्का म्हणायचे.

आले तेव्हा बरे होते. मग हळूहळू वाळायला लागले. ताटात अर्धी भाकरी तशीच राहायची. भूक मेली असेल म्हणून औषध झालं, दुधात कालवायची पावडर झाली. मला तर तो माझ्या हाताचा अपमान वाटला. मी अंबाडीची भाजी केली, तिला त्यांच्याकडे पुंडीपल्ल्या म्हणतात. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली. चार घास आवडीनं खायचे आणि मग तेच. साकु.

एकदा मी चिडले. म्हटलं, "अप्पा, तुमच्या मैंदर्गीत काय अमृत वाढत होते का? काय कमी हाय सांगा की तोंडानं!"

ते खाली बघून म्हणाले, "कमी काय न्हाय अक्का. लई चांगलं हाय."

शेजारी पवारकाका बसलेले. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊनही सगळ्यांना शिट्टी मारल्यासारखे बोलायचे. ते माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

"उगं वरडू नका त्यांच्यावर. भूक हाय त्यांना."

"मग खात का न्हाईत?"

"आमी थांबतो न्हवं त्यांच्यासाटी. लाजतात."

मला आधी कळलं नाही. मग दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून बघितलं. आमच्याकडे टेबल-खुर्च्या होत्या, पण माणसं खेड्यातली. पंगतीचा रिवाज सुटलेला नव्हता. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. मध्येच उठणं म्हणजे बसलेल्याचा अपमान. त्यामुळे सगळे हात वाळवत सिद्रामप्पांसाठी थांबायचे. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाला लघवीला जायचं असायचं. एक शब्द कोणी बोलायचं नाही. आणि सिद्रामप्पा ताटाकडे बघतच नव्हते. ते इतरांच्या हातांकडे बघत होते. शेवटचा हात थांबला की त्यांचा थांबायचा. अर्धपोटी माणूस सगळ्यांना उठता यावं म्हणून साकु म्हणत होता.

मी माझ्या पद्धतीनं निकाल लावला. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाऊन मोठ्यानं सांगितलं, ज्याचं झालं त्यानं उठायचं, इथं काय लग्न न्हाय. माझ्या तोंडाला भिऊन सगळे उठले. सिद्रामप्पा एकटे राहिले, पुढ्यात ताट घेऊन. त्या संध्याकाळी ते जेवायला हॉलमध्ये आलेच नाहीत. पंगत उठून गेलेल्या जागी जेवत बसणं त्यांच्या लेखी वाळीत टाकल्यासारखं होतं. मी ते करून दाखवलं होतं, सगळ्यांसमोर.

मग मी त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ भाव करायला बसले. म्हटलं, आधी जेवा. ते म्हणाले, इतरांच्या आधी कसं बसायचं? म्हटलं, खोलीत जेवा. म्हणाले, मी काय बाळंतीण हाय? म्हटलं, मग सगळ्यांच्या मागनं जेवा. यावर ते म्हणाले, "मागनं जेवायचा मान वाढप्याचा असतो अक्का."

आणि मग ते बोलायला लागले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गावात कोणाचंही लग्न असो, जत्रेचा प्रसाद असो, वाढायला सिद्रामप्पाच. कमरेला पंचा, हातात बादली. कोणाला काय हवं ते मान वर करायच्या आत कळायचं. कोण लाजून नको म्हणतोय, कोण खरंच नको म्हणतोय, ते आवाजावरून ओळखायचे. सगळं गाव जेवून उठलं की मग वाढपी बसायचे, निवांत, पाय पसरून.

"वाढनारा मागनं जेवतो. त्याच्यासाटी कोन थांबत न्हाय, आन् त्याला कोन हसत बी न्हाय."

मी म्हटलं, "मग वाढा की उद्यापासनं."

"ह्या हातानं?"

"तो उजवा काय शोभेला हाय का?"

त्यांचं तोंड एका बाजूनं वाकडं झालेलं. हसले की जास्तच वाकडं व्हायचं. तेव्हा तसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मांडीवर शेंगाचटणीचं भांडं आलं. सोलापूरच्या माणसाला ताटात चटणी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. आम्ही ती तेल सुटेपर्यंत कुटायचो, आणि बिनदाताच्यांसाठी आणखी बारीक करून दह्यात कालवायचो. मदतनीस बाई खुर्ची ढकलायची आणि सिद्रामप्पा चमच्यानं एकेकाला वाढत जायचे. आठवडाभरात त्यांना पाठ झालं, दही कोणाला, कोरडी कोणाला, कोणाला डॉक्टरांनी बंद केलीय. बंद असलेल्यांपाशी ते खुर्ची थांबवून दोन शब्द बोलायचे, म्हणजे ती माणसं वगळल्यासारखी दिसू नयेत.

पवारकाका ओरडायचे, "अप्पा, आमच्या स्टेशनावर गाडी थांबत न्हाय का?"

"तिकीट हाय का?"

"गार्डाला तिकीट लागत न्हाय!"

"मग गार्डानं खाली उभं ऱ्हायचं, झेंडा दाखवत."

अख्खा हॉल हसायचा. तिथं हसणं कमीच ऐकू यायचं, म्हणून लक्षात राहिलं.

सगळे उठले की त्यांची खुर्ची स्वयंपाकघरात यायची. आम्ही बाया तेव्हाच जेवायला बसायचो. भांड्यांचा आवाज, आमच्या गप्पा, कोणाच्या सुनेची निंदा, या सगळ्यात ते सावकाश एकेक घास खायचे. दुसरी भाकरी मागून घ्यायचे. कधीकधी आमचं उरकून आम्ही भाजी निवडायला बसायचो तरी त्यांचं चालूच असायचं आणि ते त्यांना जाणवायचंही नाही. महिना-दोन महिन्यांत गाल भरले. नर्स म्हणाली, वजन वाढतंय. औषध तेच होतं, पावडर बंद झाली होती.

हे असंच चाललं असतं. पण आश्रमाचे नवे अध्यक्ष आले, आणि त्यांनी एक व्यवस्थापिका नेमली. शिंदे मॅडम. मी तेव्हा दोघांनाही पुष्कळ बोल लावले, आणि आज शांतपणे बघितलं तर त्यांचं बरंचसं बरोबर होतं. मधल्या उन्हाळ्यात आश्रमात जुलाबाची साथ येऊन गेली होती. त्यामुळे ठरलं, की ताटं आतूनच वाढून, झाकून यायची, साखरेच्या रुग्णाचं वेगळं, रक्तदाबाच्या रुग्णाचं वेगळं. उघड्या भांड्यातून हॉलमध्ये काही वाढायचं नाही, आणि आश्रमातल्या माणसांनी दुसऱ्याच्या अन्नाला हात लावायचा नाही. म्हणजे चटणीही झाकणाखाली गेली.

नवी व्यवस्था ठरवायला अध्यक्षांनी मला बैठकीला बोलावलं. मॅडमही होत्या. अध्यक्षांचा चादरी-टॉवेलचा घाऊक व्यापार. म्हणजे माझ्यासारखाच बाजारात मुरलेला माणूस. मी तयारीनं गेले.

आता बाजाराची एक गोष्ट सांगते. आम्ही भाजीवाल्या बाया सौदा कसा करतो? जी वस्तू मनापासून हवी, तिच्याकडे आधी बघायचंही नाही. बाकीच्या चार गोष्टींवर भांडायचं, घाम काढायचा, आणि सगळं ठरलं, पिशवी उचलली, की जाताजाता हात घालून म्हणायचं, हे पण टाका हो वरनं. कोथिंबिरीची जुडी मागतात तशी. समोरचा थकलेला असतो, आणि वरनं मागितलेल्या वस्तूला कोणी भाव लावत नाही. गरज दाखवली की भाव चढला. हे मी हातगाडीवर शिकले, आणि त्यावरच सगळं आयुष्य उभं केलं.

मी तसंच केलं. आणखी एक बाई मागितली. दूध मी सांगेन त्या डेअरीचं मागितलं. बाजारातून भाजी पारखून आणायचा अधिकार माझाच राहील, म्हणाले. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, एकदा उठून जायचं नाटकही केलं. अध्यक्ष हुज्जत घालत घालत एकेक मान्य करत गेले. सगळं मनासारखं झालं. मग मी पर्स उचलली, उभी राहिले आणि दारापाशी जाऊन म्हटलं, "आणि ते सिद्रामप्पा तेवढी चटणी वाढतात, ते राहू द्या आपलं चालू."

अध्यक्ष मोबाईलमध्ये बघत होते. मान वर न करता म्हणाले, "ते नको आता अक्का. एवढं सगळं मान्य केलं की तुमचं."

तिथं मी थांबायला हवं होतं. परत खुर्चीत बसून सांगायला हवं होतं, की बाकी सगळं घ्या परत, एवढं एक द्या. पण उभं राहिल्यावर परत बसायचं नाही, असं माझ्या हाडात होतं. बसलं की गरज दिसली. मी बाहेर आले. आणि खरं सांगते, त्या वेळी मी खुश होते. एवढ्या गोष्टी जिंकून आले होते.

पुढच्या सोमवारपासून झाकलेली ताटं सुरू झाली. सिद्रामप्पा इतरांबरोबर टेबलाशी. पहिल्याच दिवशी, शेवटचा हात थांबला आणि त्यांचा थांबला. "साकु."

मी त्यांना म्हटलं, "तुमचं ताट मी मागं ठेवते. आमच्यासंगं जेवा पहिल्यासारखं."

"वाढल्याबिगर?"

"त्यात काय झालं?"

"न वाढता मागनं जेवतो तो उरलेलं खातो अक्का. दारात बसून ऱ्हातात ते." आवाज चढवला नाही. ते कधीच चढवायचे नाहीत. "मला तसं बसवू नका."

मग मी मॅडमकडे गेले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे गेले. त्या वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी म्हटलं, तुमची झाकणं घाला चुलीत. त्यांचे डोळे भरून आले, पण बाई हलली नाही. "अक्का, मी काय करू? तुमच्यासमोरच अध्यक्ष नाही म्हणाले ना? तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला पण पटलं."

त्यांचं खरं होतं, म्हणून मी आणखी ओरडले. त्या दिवसापासून मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. नियम जरा वाकवता आला असता, तर तो वाकवायची त्यांची इच्छाही मी घालवली.

सिद्रामप्पा पुन्हा वाळले. पावडर परत आली. पावसाळ्यात ताप आला, छातीत कफ झाला, आणि त्यानंतर ते खाटेवरच राहिले. पातळ पेज, तीही चमच्या-चमच्यानं. पवारकाका रोज जेवणानंतर त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. पवारांना न बोलता बसलेलं मी तेवढंच बघितलं.

एक दिवस मी हातातली उलथणी ठेवली, रिक्षा केली आणि अध्यक्षांच्या पेढीवर गेले. गिऱ्हाईक होतं, तरी गादीच्या कडेला बसले. आयुष्यात पहिल्यांदा हवी ती गोष्ट आधी मागितली. पंगतीचं सांगितलं, लाजेचं सांगितलं, वाढप्याचा मान सांगितला. बोलताना माझा आवाज फुटला, आणि मला त्याचाही राग आला.

अध्यक्षांनी टॉवेलांचा गठ्ठा बाजूला सारला.

"अहो अक्का, मग हे त्या दिवशी सांगायचं की!"

"सांगितलं हुतं."

"दारात उभं राहून! मला वाटलं, जाताजाता एक टाकून बघितलं तुम्ही. मी पण बाजारातलाच माणूस आहे, वरनं मागितलेलं मी कधी देतो का?" त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. "ते सिद्रामप्पा आहेत ना, त्यांना चटणी वाढू द्या. हात धुवायचं, झाकणाचं काय ते बघून घ्या तुम्ही. हो, उद्यापासून."

मॅडमनी लगेच तयारी केली. झाकणाचं नवं भांडं, लांब दांड्याचा चमचा. मी ते घेऊन सिद्रामप्पांच्या खाटेपाशी गेले. सगळं सांगितलं. त्यांनी उजवा हात पुढं केला. मी चमचा दिला. बोटं वळली, पण पकडता येईना. चमचा चादरीवर पडला. मी परत दिला. परत पडला.

मग त्यांचं तोंड हसताना व्हायचं तसं वाकडं झालं.

"पवारला द्या. खादाड हाय, आदी सवताला घेईल. लक्ष ठेवा."

दिवाळीच्या आधी ते गेले. पुतण्या आला, सगळं रीतसर केलं, माझे आभारही मानले. पवारकाका चटणी वाढायला लागले आणि खरोखर आधी स्वतःला घ्यायचे. मी महिनाभर ते बघितलं आणि कंत्राट सोडलं. मॅडमनी थांबवायचा प्रयत्न केला, अध्यक्षांनी निरोप पाठवला. मी कारण दिलं नाही. म्हणून लोकांनी आपापली कारणं लावली.

अध्यक्षांवर माझा राग अजून आहे. त्या बैठकीत ते नाही म्हणाले, याचा नाही. त्या दिवशी पेढीवर त्यांनी हुज्जत घालायला हवी होती, मला दोन-चार खेपा मारायला लावायला हव्या होत्या, आणि शेवटी नाहीच म्हणायला हवं होतं. मग दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळी झाले असते. पण त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला होता, आणि तो यायच्या आत ते हो म्हणून मोकळे झाले.